कांदा, चाळ आणि निर्यातबंदी: निर्णयाआधी सिस्टिम डायनॅमिक्सचे मॉडेल कसे बांधावे

मार्च २०२३ मध्ये कांद्याचे भाव कोसळले म्हणून महाराष्ट्र सरकारने उत्पादकांना क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले. त्याच वर्षी १९ ऑगस्टला, भाव चढू लागले म्हणून केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद झाली आणि ती उघडायला ४ मे २०२४ उजाडला. तोवर उन्हाळ कांदा शेतातून निघून खळ्यावर आला होता. उघडतानाही टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क ही अट राहिलीच. किमान भाव १३ सप्टेंबर २०२४ ला गेला, शुल्क तेव्हा निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ ला पुरते गेले.

यावर राजकीय भांडण रंगते आणि ते रंगावे. पण या तारखा हंगामाशेजारी मांडून पाहा. प्रत्येक निर्णय त्या आठवड्याच्या भावाकडे पाहून झाला आणि त्याचा परिणाम पोचला तेव्हा बाजारात वेगळाच कांदा होता. शेतकरीही तेच करतो. गेल्या वर्षीच्या भावावर उळे (कांद्याचे बी) टाकतो आणि माल विकतो पुढच्या वर्षीच्या भावाने. चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, बांधणारी शेतकरी उत्पादक कंपनी तेच करते, निर्जलीकरणाचा कारखाना टाकणारा उद्योजकही तेच करतो. सगळे आपापल्या जागी शहाणे असतात आणि मिळून झोके वाढवतात.

सिस्टिम डायनॅमिक्स ही असे झोके कागदावर उलगडण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी ती १९५०च्या दशकात उभी केली. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी पाठवावे लागायचे. व्यवस्थापन बाजारातल्या मंदी-तेजीला दोष देत होते. फॉरेस्टर यांनी वहीत साठा, कामगार आणि ऑर्डरी यांचे रकाने आखले आणि भरतीचे-साठ्याचे नियम जसे होते तसे ठेवून आठवड्यामागून आठवडा हाताने आकडेमोड केली. बाहेरची मागणी स्थिर धरली तरी कारखाना हेलकावे खात राहिला. दोष त्यांच्याच नियमांत होता.

या लेखात तेच काम कांद्यावर करून दाखवतो. शेतकरी कंपनीचे संचालक, प्रक्रिया उद्योगातले लोक, बाजार समितीत किंवा कृषी खात्यात काम करणारे यांच्यापैकी कुणालाही एक्सेल आणि थोडी चिकाटी एवढ्यावर हे जमावे. खालच्या गणितातले आकडे मी मानलेले आहेत, हे लक्षात ठेवून वाचा. तुमच्या तालुक्याचे आकडे तुम्ही घालायचे.

आधी एक सावधानता. सगळ्याच प्रश्नांना हे हत्यार लागत नाही. उद्याच्या लिलावात गाडी लासलगावला न्यावी की पिंपळगावला, हे ठरवायला मॉडेल नको, फोन पुरे. ज्या निर्णयाचा परिणाम फिरून त्याच निर्णयावर येतो आणि यायला वेळ घेतो, तिथेच ही मेहनत फळते.

## पहिली पायरी: प्रश्न आलेखात मांडा

"कांद्याच्या भावाचा प्रश्न" यावर मॉडेल बांधता येत नाही. आडवी रेघ काळाची, उभी भावाची, आणि त्यावर गेल्या दहा-बारा वर्षांचे मासिक सरासरी भाव काढा. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय भाव आणि आवक मिळते, राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानच्या नोंदीही आहेत. शेजारीच उत्पादनाचा आलेख ठेवा. देशाचे उत्पादन २०२२-२३ मध्ये सुमारे ३०२ लाख टन होते, पुढच्या वर्षी सुमारे २४२ लाख टन.

आलेखात दोन वेगळ्या लयी दिसतील. एक वर्षाच्या आतली: मार्च ते मे उन्हाळ कांद्याची रेलचेल, मग चाळीतला माल ऑक्टोबरपर्यंत पुरवून पुरवून विकला जातो, आणि खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत ताण. दुसरी लय वर्षावर्षांमधली, तेजीमागून मंदीची. दोन्हींची कारणे वेगळी असल्याने मॉडेलेही दोन करायची. पहिल्याच दिवशी दोन्ही एका फायलीत कोंबणारे लोक महिन्याभरात फाईल उघडणेच सोडून देतात.

मग आलेखाखाली एक वाक्य लिहा: "मला कोणता निर्णय घ्यायचा आहे?" आपले दोन निर्णय असे धरू. शेतकरी कंपनीचा: चाळीतला माल कधी आणि किती विकायचा. सरकारचा: राखीव साठा आणि निर्यात कोणत्या नियमाने हलवायची.

## दुसरी पायरी: कुंपण घाला

कागदावर तीन रकाने करा: मॉडेल स्वतः काढेल, आपण बाहेरून देऊ, आणि सोडून देऊ. भाव, लागवड, साठा, घट, विक्री हे पहिल्या रकान्यात. पाऊस आणि एकरी उतारा दुसऱ्यात. डिझेलचा दर, बारदान, हमाली तिसऱ्यात, निदान सुरुवातीला तरी.

इथे एक घोटाळा हमखास होतो. भाव हा दुसऱ्या रकान्यात जाऊन बसतो, म्हणजे "भाव १५०० राहिला तर काय, २५०० झाला तर काय" अशी तक्ते भरण्याची कसरत. भाव बाहेरून दिला की तुमच्या आणि तुमच्यासारख्या हजारोंच्या वागण्याचा भावावर होणारा परिणाम गायब होतो, आणि त्याच्यासाठीच तर हा खटाटोप. बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालांत नेमके हेच केलेले असते. पाच वर्षे भाव दरसाल पाच टक्के चढता, एकही मंदी नाही.

## तिसरी पायरी: साठे आणि प्रवाह

सगळे थांबवून फोटो काढला तर जे मोजता येईल तो साठा: चाळीतला कांदा, रोपवाटिकेतले रोप, नाफेड या केंद्रासाठी कांदा खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थेकडचा राखीव माल, उभी असलेली चाळींची क्षमता. जे "दर महिन्याला" मोजावे लागते तो प्रवाह: आवक, विक्री, सड. शेतकऱ्याच्या डोक्यात बसलेला "यंदा एवढा भाव मिळेल" हा आकडासुद्धा साठाच आहे. तो एका दिवसात बदलत नाही, नव्या अनुभवाने हळूहळू सरकतो. धोरणकर्त्यांच्या मॉडेलांत हा साठा बहुधा विसरलेला असतो.

चाळीपासून सुरुवात करू. जूनच्या सुरुवातीला चाळीत १०,००० क्विंटल. वजनातली घट, सड आणि कोंब मिळून महिन्याची तूट अशी माना: जून ४ टक्के, जुलै ६, ऑगस्ट ८, सप्टेंबर १०, ऑक्टोबर १२. एक्सेलमध्ये प्रत्येक महिन्याला एक ओळ आणि पाच रकाने: सुरुवातीचा साठा, तूट, विक्री, शेवटचा साठा, आजवरची एकूण विक्री. शेवटचा साठा हाच खालच्या ओळीचा सुरुवातीचा साठा. मॉडेलचे इंजिन एवढेच, बाकी सगळे याच्यावर चढवलेले आहे.

आता दोन नियम चालवून पाहा.

पहिला नियम, दर महिन्याला २,००० क्विंटल विका. जूनअखेर ७,६०० उरतात, जुलैअखेर ५,१४४, ऑगस्टअखेर सुमारे २,७३२, सप्टेंबरअखेर ४५९. ऑक्टोबरात उरलेसुरले विकले की एकूण विक्री सुमारे ८,४०४ आणि तूट १,५९६.

दुसरा नियम, ऑक्टोबरअखेरपर्यंत एकही क्विंटल हलवायचा नाही. साठा ९,६००, ९,०२४, ८,३०२, ७,४७२ असा उतरत शेवटी ६,५७५ वर येतो. एक तृतीयांशाहून जास्त माल उकिरड्यावर. जूनमध्ये १,५०० ने विकता आला असता तो कांदा ऑक्टोबरमध्ये २,२८१ ने गेला तरच बरोबरी होते. त्यात व्याज, निवडणीची मजुरी धरलेलीच नाही.

याच तक्त्यातून संचालक मंडळाला रोज वापरता येईल असा नियम निघतो. सप्टेंबरमध्ये एक महिना थांबायचे असेल तर भाव ११ टक्क्यांहून जास्त चढला पाहिजे, जूनमध्ये चार-सव्वाचार टक्के चढला तरी पुरतो. "भाव वाढेल का?" या प्रश्नावर मंडळात तासन्‌तास वाद चालतो. "महिन्याभरात अकरा टक्के वाढेल का?" असे विचारले की दहा मिनिटांत निकाल लागतो.

## चौथी पायरी: फेरे आणि विलंब

आता बाण काढा. भाव चढला की अपेक्षा चढते, अपेक्षा चढली की लागवड वाढते, लागवड वाढली की उत्पादन वाढते, उत्पादन वाढले की भाव उतरतो. हा फेरा स्वतःला आवरणारा आहे, म्हणजे संतुलक. एकट्या संतुलक फेऱ्याने झोके पडत नाहीत. झोके पडतात तो फेरा पूर्ण व्हायला वेळ लागतो म्हणून. उळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लागण डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च ते मे, आणि चाळीतून बाजारात यायला पुढचे चार-पाच महिने. निर्णयापासून परिणामापर्यंत जवळपास वर्ष.

दुसरा फेरा भडकवणारा, वर्धक. भाव चढतोय म्हणून माल रोखला जातो, आवक घटते, भाव आणखी चढतो. उलट दिशेलाही तोच फेरा चालतो. निर्यातबंदीची बातमी येताच चाळी रिकाम्या करायची घाई, आवक एकदम वाढते, भाव आणखी पडतो.

तिसरा फेरा सरकारचा. शहरातला किरकोळ भाव चढला, ओरड झाली, निर्णय झाला. २०१९ मध्ये २९ सप्टेंबरला बंदी आणि १५ मार्च २०२० ला उठली. २०२० मध्ये १४ सप्टेंबरला बंदी आणि १ जानेवारी २०२१ ला उठली. सप्टेंबर हा योगायोग नाही. चाळीतला माल तेव्हा तळाला जातो आणि खरिपाचा यायचा असतो.

प्रत्येक बाणावर विलंब महिन्यांत लिहा. बाणांचे सुंदर चित्र काढून भिंतीवर लावणाऱ्या कार्यशाळा खूप होतात. आकडे नसलेल्या त्या चित्रावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. तीन फेरे एकत्र आले की कुठला जिंकेल हे डोळ्यांनी सांगता येत नाही, चालवूनच पाहावे लागते.

## पाचवी पायरी: लोक खरोखर कसे ठरवतात ते विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मॉडेलमधला प्रत्येक प्रवाह कुणाच्या तरी निर्णयाने चालतो, आणि तो माणूस काय पाहून ठरवतो हे पुस्तकात मिळत नाही.

शेतकऱ्याला "किती लागवड कराल?" असे विचारू नका. "गेल्या वर्षी उळे टाकायच्या आधी काय काय पाहिले?" असे विचारा. उत्तरे साधारण अशी येतात: मागच्या खेपेला हातात पडलेला भाव, विहिरीतले पाणी, बियाण्याचा दर, शेजाऱ्याने किती टाकले, लेकीचे लग्न. खर्चाची वही काढून हिशोब करणारे थोडे. मग मॉडेलमध्ये तेच घाला: मागचा भाव आणि पाणी. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला सर्वज्ञ शेतकरी घातला तर आलेख सरळ येईल आणि खोटा असेल.

व्यापाऱ्याला विचारा, किती दिवसांचा माल धरून ठेवतो आणि कुठल्या बातमीने हात आखडतो. सरकारी अधिकाऱ्याला विचारा, राखीव साठा सोडायचा प्रस्ताव कुठल्या आकड्यावर तयार होतो, आणि प्रस्तावापासून माल बाजारात पडेपर्यंत किती आठवडे जातात. ही उत्तरे मिळवायला ओळखी लागतात, चहा लागतो. मॉडेल शिकवणारे अभ्यासक्रम या भागावर एक तास देतात, तो एक दिवसाचा करायला हवा.

उत्तरांतून नियम असा लिहा की तो सूत्रात बसेल. अपेक्षेचा नियम उदाहरणादाखल: नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + व × (यंदाचा भाव − जुनी अपेक्षा). "व" म्हणजे ताज्या अनुभवाला दिलेले वजन. १ असेल तर शेतकऱ्याला फक्त गेले वर्ष आठवते, ०.५ असेल तर निम्मी जुनी आठवण टिकते.

## सहावी पायरी: वर्षावर्षांचे मॉडेल चालवा

तीनच सूत्रे. सामान्य वर्षाचे उत्पादन १००, सामान्य भाव १,५००.

लागवड = १०० × (अपेक्षित भाव ÷ १५००)^०.६, म्हणजे अपेक्षा १० टक्के चढली की लागवड सुमारे ६ टक्के वाढते.

उत्पादन = लागवड × पावसाचा गुणक. सामान्य वर्षी गुणक १.

भाव = १५०० × (१०० ÷ उत्पादन)^२, म्हणजे उत्पादन १० टक्के घटले की भाव सुमारे २३ टक्के चढतो. महाग झाला म्हणून घरात कांदा खाणे फार कमी होत नाही, त्यामुळे ही सूज.

पहिल्या वर्षी अवकाळीने उत्पादन ८० वर आणा, नंतर पाऊस कायम सामान्य ठेवा. व = १ धरून पहिल्या वर्षी भाव २,३४४. दुसऱ्या वर्षी सगळे कांद्यावर तुटून पडतात, उत्पादन १३१, भाव ८७८. तिसऱ्या वर्षी हात पोळलेले, उत्पादन ७३, भाव २,८५२. चौथ्या वर्षी ६९४. पाऊस एकदाच बिघडला होता, झोके मात्र वाढतच चालले आहेत. ०.६ आणि २ यांचा गुणाकार १.२ येतो. केवळ गेल्या वर्षाकडे पाहून पीक घेतले जात असेल तर हा गुणाकार १ च्या वर गेला की असेच होणार.

आता फक्त व बदला, ०.५ करा. भाव येतात २,३४४, मग सुमारे १,११४, मग १,४७९, आणि चौथ्या वर्षी जवळपास १,५००. जमीन, पाऊस, बाजार सगळे तेच आहे, लोकांची आठवण तेवढी लांबली. गावात लागवडीआधी मागच्या पाच वर्षांचे सरासरी भाव आणि तालुक्यात विकले गेलेले बियाणे यांचा फलक लावणे किती स्वस्त, आणि मॉडेल म्हणते की त्याची ताकद बरीच आहे.

## सातवी पायरी: मॉडेलला छळा

मॉडेल आवडायला लागले की ते मोडायचा प्रयत्न करा. काही चाचण्या चुकवू नयेत.

बेरीज तपासा. विक्री, तूट आणि शिल्लक मिळून सुरुवातीचा साठा आलाच पाहिजे. वर ८,४०४ आणि १,५९६ मिळून १०,००० होतात. एक क्विंटलही हवेतून यायला नको.

एकके तपासा. क्विंटलमध्ये क्विंटल-दर-महिना मिळवला जाणे ही हमखास सापडणारी चूक. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहायची सवय लावली की निम्म्या चुका आपोआप दिसतात.

टोक गाठा. चाळ रिकामी असताना विक्री शून्य होते का? की साठा ऋण जातो? विक्रीच्या सूत्रात "जेवढे आहे त्याहून जास्त नाही" ही अट घाला. वर्षावर्षांचे मॉडेलही पुढे पळवा. व = १ धरून पाचव्या वर्षी भाव ३,७८४ आणि सहाव्या वर्षी लागवड सामान्याच्या पावणेदोनपट येते. हे होणे नाही. तेवढे उळे मिळत नाही, लागणीला तेवढे मजूर मिळत नाहीत. म्हणजे मॉडेलमध्ये बियाणे आणि मजूर यांची मर्यादा राहिली. एखादी चाचणी हरली तर वाईट वाटून घेऊ नका. पुढे काय घालायचे ते त्यातूनच कळते.

पायरीचा काळ तपासा. महिन्याच्या ओळींऐवजी पंधरवड्याच्या ओळी केल्या तर आलेख बदलतो का? बदलत असेल तर ओळ अजून लहान हवी. सर्वांत छोट्या विलंबाच्या पाव भागाहून मोठी ओळ ठेवू नये, हा चालत आलेला ठोकताळा.

मग इतिहास. मॉडेलने २०१९ चा नेमका भाव काढावा अशी अपेक्षा धरू नका. झोक्याची उंची, दोन शिखरांमधले अंतर, शिखर कुठल्या महिन्यात येते, आणि साठा आधी तळाला जातो की भाव आधी चढतो हा क्रम, एवढे जुळले की काम झाले. उलट प्रत्येक वर्षाचा भाव तंतोतंत जुळत असेल तर संशय घ्या, कुणीतरी आकडे पिळलेले असतात.

शेवटी, ज्या आकड्यांची खात्री नाही ते हलवून पाहा. ०.६ च्या जागी ०.४ आणि ०.८, भावाच्या २ च्या जागी १.५ आणि २.५. निष्कर्ष टिकतो का? जो आकडा हलवल्याने निर्णयच उलटतो, त्याच्यासाठी सर्वेक्षणाचे पैसे खर्च करा. बाकीचे अंदाजे राहिले तरी चालते.

## आठवी पायरी: धोरणे लावून पाहा

वरच्याच मॉडेलवर, व = १ धरून, सरकारी नियम चढवू.

नियम अ: भाव २,००० च्या वर जाऊ द्यायचा नाही, राखीव साठा सोडून तिथेच रोखायचा. पहिल्या वर्षी ६.६ एकके सोडावी लागतात. दुसऱ्या वर्षी उत्पादन ११९, भाव १,०६२. तिसऱ्या वर्षी उत्पादन ८१, भाव २,२७० वर निघालेला, ५.३ एकके सोडून २,००० वर आणला. पुढे हेच आळीपाळीने. झोके वाढायचे थांबले, पण मिटले नाहीत. आणि सोडायला लागणारा माल कुठून आला हे या नियमात कुठेच नाही.

नियम आ: वरची मर्यादा तीच, शिवाय भाव १,२०० च्या खाली जाऊ लागला की खरेदी. दुसऱ्या वर्षी ७ एकके उचलून भाव १,२०० वर धरला. तिसऱ्या वर्षी शेतकरी फार मागे हटत नाही, उत्पादन ८७.५, भाव १,९६१. साठा सोडायची वेळच येत नाही. मंदीतली खरेदी हीच पुढच्या तेजीवरची खरी लस ठरते.

पण घोळही इथेच आहे. दर मंदीत साडेपाच-सात एकके आत येत राहतात आणि बाहेर जायची वेळ येत नाही. गव्हाचा साठा दोन-तीन वर्षे टिकतो, कांदा चाळीत पुढच्या दिवाळीपर्यंतही धड राहत नाही. म्हणजे खरेदीच्या नियमाला बाहेरची वाट जोडलीच पाहिजे: निर्यात, निर्जलीकरण, पावडर. मंदीच्या वर्षी निर्यात उघडी असणे हा मग शेतकऱ्यावरचा उपकार राहत नाही, राखीव साठ्याच्या यंत्रणेचाच तो एक भाग होतो.

नियम इ: अ सारखाच, पण तेजीत घातलेली निर्यातबंदी वेळेत उठत नाही आणि दुसऱ्या वर्षीच्या काढणीतही चालू राहते. समजा त्यामुळे देशी बाजारात दहा टक्के माल जादा पडला. दुसऱ्या वर्षी भाव १,०६२ ऐवजी ८७८. तिसऱ्या वर्षी उत्पादन ७३ पर्यंत घसरते आणि भाव २,००० वर रोखायला १४ एकके सोडावी लागतात, अ मधल्या ५.३ च्या जवळपास पावणेतीनपट. ग्राहकासाठी लांबवलेली बंदी पुढच्याच वर्षी ग्राहकाच्या अंगावर येते. याच कारणाने मला बंदी घालण्याच्या तारखेपेक्षा उठवण्याच्या तारखेवर जास्त वाद व्हायला हवा असे वाटते, आणि ती तारीख बंदीच्याच आदेशात, उन्हाळ कांद्याच्या काढणीआधीची, छापलेली असावी.

या तुलनेत एक शिस्त पाळा: एका वेळी एकच नियम बदलायचा, बाकी सगळे जागच्या जागी. आणि धोरण तपासताना पावसाच्या एकाच गोष्टीवर विसंबू नका. अवकाळी दुसऱ्या वर्षी आला तर, सलग दोनदा आला तर, अशी चार-पाच चित्रे चालवा. जो नियम सगळीकडे बरा चालतो तो एकाच चित्रात अव्वल येणाऱ्यापेक्षा चांगला.

शेतकरी कंपनीच्या बाजूनेही हाच खेळ. चाळ वाढवायची का? तेजीच्या वर्षी सगळ्यांना चाळ हवी असते. अर्ज, मंजुरी, बांधकाम होईस्तोवर मंदीचे वर्ष उगवते. मॉडेलमध्ये क्षमता हा साठा आणि बांधकामाचा विलंब घाला आणि "गेल्या वर्षीचा भाव पाहून क्षमता वाढवा" हा नियम "पाच वर्षांच्या सरासरीवर वाढवा" याच्याशी ताडून पाहा. प्रक्रिया उद्योगाला याच मॉडेलातून उलटा सल्ला मिळतो. मंदीत कच्चा माल स्वस्त, पण नंतरच्या तेजीत कारखाना रिकामा. म्हणून किती क्षमता करारशेतीवर बांधून ठेवायची, हा त्यांचा मुख्य आकडा.

## नववी पायरी: बैठकीत नेताना

फाईल मेल करून कुणाचे मत बदलत नाही. बैठकीत संचालकांना आधी रिकामा आलेख द्या आणि "व एक असेल तर पुढची पाच वर्षे भाव कसा जाईल?" ते पेन्सिलीने काढायला सांगा. मग मॉडेल चालवा. स्वतःच्या रेघेचा आणि मॉडेलच्या रेघेचा फरक दिसला की प्रश्न विचारले जातात, आणि ते प्रश्न सहसा मॉडेलमधली खरी उणीव दाखवतात. बाजार समितीतला जुना मापारी "पावसाळ्यात रेल्वेचे रेक मिळत नाहीत, ते कुठे आहे यात?" असे विचारेल तर ती ओळ त्याच्यासमोरच घाला.

एक्सेल अपुरे पडू लागले की व्हेन्सिम, स्टेला किंवा एनीलॉजिककडे वळा. व्हेन्सिमची प्राथमिक आवृत्ती शिकण्यासाठी मोफत आहे, इनसाइट मेकर ब्राउझरमध्येच चालते आणि पायथन येणाऱ्यांसाठी पायएसडी आहे. साठ-सत्तर ओळींपर्यंत एक्सेल पुरते. त्यापुढे बाण आणि साठे डोळ्यांना दिसणे गरजेचे होते.

फायलीत एक वेगळे पान "मानलेले" या नावाने ठेवा. प्रत्येक आकडा, तो कुठून घेतला, कुणी सांगितला, कधी तपासला. दरवर्षी दोनदा ते पान उघडा: उळे टाकायच्या आधी ऑक्टोबरात, आणि चाळी भरून झाल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात. ऑक्टोबरात बियाण्याचा खप आणि विहिरींचे पाणी घालून लागवडीचे सूत्र तपासा. जूनमध्ये चाळीतला प्रत्यक्ष साठा मोजून घाला आणि गेल्या हंगामात मॉडेलने सांगितलेली तूट व प्रत्यक्ष काट्यावर आलेली तूट शेजारी लिहा. सलग दोन हंगाम फरक एकाच दिशेने पडला तर महिनावार तुटीचे टक्के बदला, एकदाच पडला तर तसेच राहू द्या.